पडद्यावरचा काळा गोळा

पडद्यांच्या कारखान्यातल्या डिझायनरला सगळे ससोबा म्हणत. साहेबांच्या केबिनचं दार करकरलं तरी तो मॉनिटरच्या मागे डोकं लपवायचा. घरी रोज तेच रडगाणं ऐकून बायको कंटाळली. "मनातली भीती कागदावर काढा, पण माझं डोकं खाऊ नका," ती म्हणाली.

त्याने ऑफिसातच काढली. भला मोठा काळा गोळा, त्यातून सुटलेल्या लाल तिरप्या रेघा आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला एवढासा पिवळा त्रिकोण. त्याला खरंच हलकं वाटलं. त्या हलकेपणातच त्याने छपाईला बेडरूमच्या पडद्याच्या नक्षीच्या जागी तेच चित्र पाठवलं.

चूक कळली तेव्हा तो मशीनकडे धावला. "थांबवा!"

"आता काय थांबवता? तागा छापून झाला," छपाईवाला म्हणाला. "पहिला पडदा लावलाय साहेबांच्या केबिनमध्ये. नेहमीसारखा."

नोकरी गेली, हे ससोबाने मनाशी धरलंच होतं, तेवढ्यात बोलावणं आलं.

साहेब पडद्यासमोर उभे होते. "दार लाव. हा गोळा कोण?"

"कोणी नाही साहेब! नुसता आकार आहे."

"मला शिकवू नकोस. मी रोज बघतो याला." साहेबांनी आवाज खाली आणला. "ही आमची बायको. आणि तो पिवळा मी. तुला कसं रे कळलं?"

"अंदाज, साहेब," ससोबा कसाबसा म्हणाला. साहेबांनी खुशीत एक पडदा घरीही नेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बायकोच केबिनमध्ये हजर. ससोबाला पुन्हा बोलावणं.

"किती नेमकं काढलंत हो! तो कोपऱ्यातला पिवळा म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "आता गोळा कोण, तेही सांगून टाका."

त्यांच्या पाठीमागे साहेब दोन्ही हात जोडून उभे होते. खरं बोलावं तर नोकरी जाणार, खोटं तर ससोबाला सुचत नव्हतं.

"मी, मॅडम," तो म्हणाला. "मी घरी फार ओरडतो. त्रिकोण माझी बायको."

"अगंबाई! बिचारी!"

साहेबांच्या जिवात जीव आला, आणि जीव आला तसा आवाजही आला. "बायकोवर ओरडतोस? लाज नाही वाटत?" ते टेबलावर मूठ आपटत गरजले. "माणसाने माणसाशी कसं वागावं, कळत नाही तुला?"

ससोबा एकेक पाऊल मागे सरकत कपाटाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. नेमका आज त्याने पिवळा शर्ट घातला होता.

साहेब ओरडतच होते. बाईसाहेब मात्र आळीपाळीने पडद्याकडे, साहेबांकडे आणि कोपऱ्याकडे बघत होत्या.