जावयाच्या इंजिनाचा पाहुणचार

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते आणि आखाजी सरली की जावई तिला न्यायला येतो. त्याला ठेवून घ्यावं, पोट फुटेस्तोवर खाऊ घालावं, टोपी-उपरणं देऊन रवाना करावं, असा आमच्या चोपड्याकडचा कायदा आहे. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. लिहिलेले कायदे लोक कसे पाळतात, ते मी सांगायला नको.

ब्याण्णवची आखाजी सरली आणि आमचे जावई भाईदासराव लाल मोटारीतून आले. जावई धुळ्याला रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर. दरवर्षी एस.टी.ने यायचे आणि थांब्यापासून पिशवी घेऊन चालत यायचे. या वेळची गाडी विलायती होती. दोनच दारं, पोट जमिनीला टेकलेलं, आणि आवाज असा की गोठ्यातल्या म्हशीने पान्हा चोरला. माझी धाकटी जाऊ भागाबाई हिच्या जावयाकडे स्कूटर आहे, आणि ती स्कूटर आम्ही सगळे बाराही महिने तिच्या तोंडून ऐकतो. लाल मोटार दारात थांबली तशी भागाबाई ओट्यावरून उठून घरात गेली. माझं निम्मं आयुष्य तिथेच वसूल झालं.

त्याच संध्याकाळी लेकीने, कुंदाने, मला चुलीपाशी गाठलं.

"माय, गाडी आमनी नही व. सायेबनी शे."

साहेब मुंबईला गेले होते. सोमवारी सकाळी परत यायचे. त्यांच्या माघारी गाडी 'जरा फिरती ठेवायला' म्हणून जावयांनी आणली होती. सोमवारी सकाळी ती साहेबांच्या दारात दिसली नाही, तर जावयांची बदली सातपुड्यात, जिथे रस्तेच नाहीत. रस्त्याच्या माणसाला रस्ता नसलेल्या जागी पाठवणं, ही त्या खात्यातली फाशी. तिथे खायलाच काही नसतं.

"आनखी कोनले सांगं?" मी विचारलं.

"कोनलेच नही."

"मंग तू माले बी सांगेल नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयांनी गाडीचं पुढचं टोपण उघडलं. या गाडीचं सगळं तेलावर असतं, जोरात पळणारी गाडी तेल पिते, रोज बघावं लागतं, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. सांगायला समोर निम्मं गाव होतं. मग त्यांनी इंजिनातून एक लांब पट्टी ओढून काढली, पांढऱ्या रुमालाला पुसली, परत आत घातली, परत काढली आणि डॉक्टर ताप बघतो तशी उन्हात धरली. पट्टीवर दोन रेषा. तेल खालच्या रेषेखाली गेलं तर इंजिन जळतं, वरच्या रेषेवर गेलं तर गुदमरतं. मधोमध असावं.

आता, गाडी सपाट जागी उभी करून तेल बघावं, असं तिच्या पुस्तकात लिहिलं होतं म्हणे. पण सपाट जागी ती एस.टी. थांब्यावरून दिसली नसती. म्हणून मी ती रात्रीच गोठ्यापुढच्या चढावर, तोंड वर करून उभी करवली होती. त्यामुळे आतलं तेल मागे सरकलं आणि पट्टीला तळाशी जेमतेम लागलं.

भागाबाई पुढे झाली. तिने पट्टी पाहिली, मग मला पाहिलं.

"हाई काय व माय? निम्मं बी नही! लाल गाडीना जवाईले भुक्या ठेवतस का?"

एवढं चार माणसांत ऐकल्यावर प्रश्न तेलाचा राहत नाही. जावयाच्या गाडीचं इंजिन हे जावयाच्या पोटासमान समजावं, असं मी त्याच क्षणी ठरवलं आणि हीरालाल शेठच्या दुकानात माणूस धाडला. हीरालाल शेठ आमच्याकडे बियाण्यापासून बांगडीपर्यंत सगळं विकतात. त्यांनी स्वतः डबा आणला.

"अक्का, ट्रॅक्टरवाल्यांना देतो ते हे नव्हे. हे खास जावयांसाठी."

तेल ओतलं. पट्टीवर ते वरच्या रेषेला लागलं. इथे थांबायला हरकत नव्हती. पण इथे थांबलो असतो तर मान फक्त माझ्या घरचा झाला असता. जावई एका घरी जेवला की सगळ्या भाऊबंदांच्या घरी त्याला दोन घास तरी घ्यावे लागतात. नाहीतर कोर्टात गेलेल्या बांधाच्या भांडणाला नवी तारीख मिळते.

"तुनं घालं, आते आमनं," भागाबाई म्हणाली. "का आमनं तेल तेल नही?"

विषय गंभीर झाला, तेव्हा तोताराम आबांनी बैठक घेतली. आबा गावातल्या प्रत्येक संस्थेचे चेअरमन आहेत, आणि नसलेल्या संस्थेचेही होऊ शकतात. ओट्यावर ठराव मांडला गेला: 'पाहुण्यांच्या वाहनास प्रत्येक भाऊबंद घराने ज्येष्ठतेनुसार एक माप तेल घालावे. सदर मापात कमी-जास्त झाल्यास ते जास्तच व्हावे.' सूचक आबा, अनुमोदक आबांचा मुलगा. सर्वानुमते मंजूर. भाईदासरावांना मत विचारलं नाही. पाहुण्याला मत नसतं, ताट असतं.

जावई घाबरले. त्यांनी तेल घालायच्या भोकावर तळहात ठेवला.

"नको, आबा. खरंच नको. वरच्या रेषेला लागलंय."

आता हीच खूण त्यांनी जन्मभर ताटावर केली होती, आणि ताटावर हात ठेवलेल्या माणसाला आमच्याकडे दोन पुरणपोळ्या जास्त वाढतात. पाहुण्याचं 'नको' आम्ही 'थोडं वाढा' असं नोंदवून घेतो. चौघांनी प्रेमाने त्यांचा हात बाजूला केला.

"पण रेषा, आबा! कंपनीने रेषा दिलीय!"

आबांनी पट्टी हातात घेतली, नीट निरखली आणि परत दिली.

"ती रेघ विलायतनी शे, भाऊ. तठे पाहुणाले दुसरांदा कोनी वाढत नही."

मापं पडत गेली. मध्येच भाईदासरावांनी माझ्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठावरच्याकडे बघतो तसं. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं: गाडी परक्याची आहे. पण भागाबाई समोर उभी होती. मी म्हटलं, "घ्या ना, भाईदासराव. लाजू नका."

भागाबाईची पाळी आली तोवर हीरालाल शेठकडचे डबे संपले. ती घरात गेली आणि पितळी चरवी घेऊन आली. घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल, ताजं, वास असा की दोघा-तिघांनी तिथल्या तिथे भुकेची तक्रार केली.

"काय तें मशीननं काळं पानी घालतस जवाईले! आमना घरमा खावानं तेल देतस."

मला बोलायला जागाच ठेवली नाही मेलीने. चरवी उपडी झाली. पट्टी काढली तेव्हा ती हातात धरायच्या कडीपर्यंत तेलात भिजलेली होती. आबांनी 'समाधानकारक' असा शेरा दिला आणि बैठक संपली.

रविवारी टोपणाला हळदीकुंकू लावून लेकीला गाडीत बसवलं. किल्ली फिरवली तशी गाडी आधी खोकली, मग ढेकर दिल्यासारखं काहीतरी केलं आणि मागून धूर सोडला. धुरात भागाबाई दिसेनाशी झाली. मला वाटलं, गाडी खरंच गुणाची आहे.

पुढचं कुंदाने सांगितलं. अमळनेरला गाडीच्या आधी भज्यांचा वास पोचला. थांब्यावरची माणसं ताटल्या घेऊन पुढे आली आणि गाडी न थांबता गेली म्हणून जावयांना नाही नाही ते बोलली. धुळ्याची वेस दिसली आणि इंजिनाने तिथेच प्राण सोडला. बंगल्यापर्यंत ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेलं. सोमवारी सकाळी गाडी साहेबांच्या दारात उभी होती. अट पाळली गेली. ती चालू असावी, असं कोणी म्हटलंच नव्हतं.

साहेबांनी टोपण उघडलं. बराच वेळ वास घेतला.

"भाईदास, यात काय तळलं?"

"माझ्या सासरवाडीचे लोक फार प्रेमळ आहेत, साहेब."

जावई सातपुड्याच्या तयारीने चादर बांधून बसले. पण बदलीचा कागद आलाच नाही. कारण गाडी साहेबांचीही नव्हती. ती एका ठेकेदाराची होती आणि साहेबांकडे 'जरा फिरती ठेवायला' दिली होती. साहेबांना रागवायचं असतं तर आधी गाडी कोणाची ते सांगावं लागलं असतं. ठेकेदार ओरडला असता, तर त्याच्या रस्त्याच्या बिलावर सही कोणी केली असती? तिघे समोरासमोर बसले, चहा प्याले आणि झाल्या प्रकाराला 'वाजवी झीज' असं नाव दिलं. नवं इंजिन बसलं. त्याचा खर्च त्या साली होत असलेल्या धुळ्याच्या रस्त्यात बसवला. कागदावर डांबर पूर्ण पडलं. जमिनीवर त्याची पातळी जरा उतरली. तिची पट्टी काढून उन्हात कोण बघतो?

पुढच्या आखाजीला जावई एस.टी.ने आले. भागाबाईने गाडीचं विचारलं. मी म्हटलं, तिचं पोट नाजूक आहे, तुझ्या तेलाने बिघडलं. तेव्हापासून स्कूटरचा विषय आमच्या घरात निघत नाही.

आता राहिले तुम्ही. हसलात, बरं वाटलं. धुळ्याच्या वाटेने कधी गेलात, एखादा खड्डा लागला, दात दातांवर आपटले आणि मांडीवरचा डबा सांडला, तर खात्याला शिव्या देऊ नका. आमच्या जावयाचा मान तुमच्यापर्यंत पोचला, एवढंच समजा. सगळ्या घरांनी दिला, तुमचंच घर राहिलं होतं. आणि 'आम्हाला नको' म्हणू नका. तुमचं 'नको' कसं नोंदवतात, ते आत्ताच वाचलंत.