रेला पडू द्यायचं नाही

शनिवारी सकाळी मी गावातल्या लहान पोरांना फुटबॉल शिकवतो, आमचा अमेरिकन, हाताने चेंडू फेकायचा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला चेंडू फेकणारा व्हायचं असतं. मी म्हणतो, बाळांनो, त्याला फेकायची सवड कोण देतं? अंगावर धावून येणाऱ्या रेड्यांना कोण अडवतं? त्याच्या पुढ्यात ओणवे होणारे पाच जाडे, म्हणजे लाइन! ते नसतील तर तुमचा हिरो चिखलात नाक खुपसून पडलेला दिसेल.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण शाळेच्या संघात त्या पाचांतला सगळ्यात डावीकडचा मी होतो. चेंडू फेकणाऱ्याचं नाव रे डेलुका. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा माणूस रेला दिसत नसे, मला दिसे. मी त्याला आडवा करायचो.

जानेवारीत रे गेला. खाणीच्या धुळीने फुप्फुसं खाल्ली होती. त्याच्या बायकोने, लॉरेनने, मला स्वयंपाकघरात बसवलं.

"स्टॅन, दफनभूमीच्या टेकडीवर बर्फ आहे. शववाहिनी चढणार नाही. वितळेपर्यंत थांबा म्हणतात."

"थांबा? तो काय तळघरातला बटाटा आहे? आम्ही पाचही जण जिवंत आहोत. आम्ही नेऊ."

"आणि तुमचे गुडघे?"

"गुडघे गेले असतील. लाइन नाही गेली."

ती हसली नाही. "शेवटी शेवटी तो रोज पडायचा. न्हाणीघरात, जिन्यात. मी एकटी उचलायची. आता पुन्हा पडायला नको. एवढंच बघ."

मी शब्द दिला.

शवपेटीला कड्या सहा, आम्ही पाच. सहावा म्हणून चेट आला. रेचे चेंडू झेलून जन्मभर फोटोत झळकलेला.

"मी पुढे राहतो," चेट म्हणाला, "लोकांना दिसायला हवं."

"रहा बाबा. फक्त चालताना केस विंचरू नकोस," माझ्या मागचा बोडनार म्हणाला. त्याच्यामागे ओटिस; आम्ही तिघे डावीकडे. उजवीकडे चेट, गस आणि लिओ. मागून लॉरेन, फादर आणि सगळं गाव.

अर्धी टेकडी चढलो. धापा अशा, की जणू सहा जुने भाते एका वेळी चालू आहेत. तेवढ्यात वरून, डावीकडून, दफनभूमीचा रखवालदार मिलान हात हलवत पळत आला.

विचार मी केलाच नाही. एक माणूस डावीकडून रेच्या अंगावर येत होता. मी कडी सोडली, ओणवा झालो आणि दोन्ही पंजे त्याच्या छातीत घातले. मला एकट्याला लढू देईल तो बोडनार कसला! तोही आला. ओटिसही. मिलान उडून बर्फाच्या ढिगात गेला. अडवणं इतकं स्वच्छ होतं, की पंचानेही मान डोलावली असती.

मग मागे आवाज झाला.

गस आणि लिओने सोडलं नव्हतं. पेटी कलंडली तेव्हा कड्या उपटून त्यांच्या हातात राहिल्या. चेट दोन्ही हात वर करून उभा होता, झेलायला काही येतंय का बघत. रे उतारावरून घसरत निघाला. फादर बाजूला झाले. गाव बाजूला झालं. पेटी लॉरेनच्या बुटांना टेकून थांबली. तिने खाली वाकून झाकणावर हात ठेवला.

"पुढे घसरडं आहे," ढिगातून मिलान म्हणाला, "एवढंच सांगायचं होतं."

दुसऱ्या वेळी आम्ही जवळजवळ रांगत वर गेलो.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. लाइनमधल्या माणसाचं नाव मैदानावरच्या भोंग्यातून कधी पुकारत नाहीत. चूक केली तरच पुकारतात. लॉरेन उभी राहिली. सारण भरलेली कोबीची पानं वाढणारे हात थांबले.

"स्टॅन होलुब," ती म्हणाली. "पॉल बोडनार. ओटिस ग्रेंजर."

आम्ही उभे राहिलो. तिने आमच्याकडे नुसतं बघितलं, आणि ती खाली बसली.

गस आणि लिओ कोपऱ्यात, ताटाशेजारी आपापली कडी ठेवून, जेवत होते. त्यांचं नाव कोणीच घेतलं नाही.