उत्क्रांतीचं वाण

लिंगराज सरांच्या व्याख्यानाला यंदा दीडशे बाया आल्या, तिथंच सरांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण श्रोत्यांसाठी हपापलेल्या माणसाच्या मनात पाली राहत नाहीत.

विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून सर दर जानेवारीत राणीसावरगावच्या सभागृहात व्याख्यान देत. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. उरलेलं निम्मं, देव नाही म्हणणाऱ्या मास्तराचं ऐकायला कशाला येतंय? गेल्या वर्षी तिघं आली होती. त्यातला एक मोबाईल चार्ज करायला आला होता. यंदा सरांनी मोठा विषय काढला आणि मजकूरही स्वतः लिहिला : 'उत्क्रांती – आपण सारे एकाच कुळातले. सर्वांनी कसलाही भेद न पाळता यावे.' गंगाखेडला फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्या शंभुराजला, म्हणजे आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, त्यांनी तो फोनवर पाठवला. शंभुराजनं फ्लेक्स छापून व्याख्यानाच्या दिवशी सकाळी सभागृहासमोरच्या बसथांब्यावर बांधलासुद्धा. सर तेव्हा आत खुर्च्या पुसत होते, त्यामुळे त्यांनी तो पाहिला नाही.

"अवो, बाया लय यायल्यात," त्यांची बायको गंगम्मा दारातून म्हणाली. "जरीच्या साड्या नेसून यायल्यात. मला कायतरी घोळ वाटायलाय."

"विज्ञान म्हटलं की तुला घोळच वाटतो," सर म्हणाले आणि व्यासपीठावर चढले.

त्यांनी एका पेशीपासून सुरुवात केली. मग मासे आले, माशांना पाय फुटले. बाया गुमान ऐकत होत्या. पहिल्या रांगेत किराणा दुकानवाल्या त्रिवेणीबाई मांडीवर पदराखाली काहीतरी झाकून बसल्या होत्या. अर्ध्या तासानं त्यांनी हात वर केला.

"सर, वाण कवा?"

सरांना अगदी भरून आलं. तीस वर्षांच्या नोकरीत सजीवांच्या वाणाबद्दल इतका नेमका प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता.

"वा! वाण असं एका दिवसात होत नाही, ताई. त्याला लाखो वर्षं लागतात."

"लाखो?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमाला सांच्याला शेळ्या बांधायच्यात!"

"आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखं वाण येत नाही. जे आलं त्यावर टिकायचं. नाही टिकला तो संपला!"

"मंजी सगळ्यांला पुरायचं न्हाई. मग इतक्यांला बोलवलं कामून?"

"निदान डबे हायत का वाट्या, ते तरी सांगा!"

"ते निसर्ग ठरवतो," सर म्हणाले. डबे-वाट्या हा त्यांना पेशीसाठी दिलेला दृष्टान्त वाटला आणि तो आवडलाही.

वाणाचा टेम्पो वाटेत अडकला असणार आणि मास्तर वेळ काढायलेत, असा त्रिवेणीबाईंनी हिशेब केला. "तवर कुंकू तरी लावून घिऊ," म्हणत त्यांनी पदराखालचं तबक काढलं आणि त्या रांगेरांगेनं फिरू लागल्या. शेवटच्या रांगेत भिंतीला लागून छबूबाई बसली होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. त्या बारा वर्षांत तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं.

"छबूबाई, तुमी?"

"बोर्डावर लिव्हलंय की, कसलाबी भेद न पाळता यावं. नातीकडून दोनदा वाचून घेतलं म्या."

एक म्हातारी कुजबुजली. त्रिवेणीबाईंनी एकदा दाराबाहेर बोर्डाच्या दिशेनं पाहिलं.

"लिव्हलंय तर खरं," त्या शेवटी म्हणाल्या. "सरांनीच लिव्हलंय म्हनल्यावर..." आणि त्यांनी बोट कुंकवात बुडवलं. छबूबाईनं डोळे मिटले.

सरांना व्यासपीठावरून फक्त ते लाल बोट दिसलं. माणूस जेमतेम दोन पायांवर उभा राहत होता आणि इकडे कुंकू!

"थांबा! काय चालवलंय हे?"

"हळदीकुंकू," त्रिवेणीबाई दचकून म्हणाल्या. "बोर्डावर लिव्हलंय न्हवं?"

सर धावत दाराशी गेले. बसथांब्यावर हातभर अक्षरांत 'संक्रांती' झळकत होती. त्यांनी तिथूनच शंभुराजला फोन लावला.

"सर, 'उत्क्रांती' पडलं व्हतं तुमच्याकडून," शंभुराज अदबीनं म्हणाला. "तुमची चूक लोकांनी बघू ने म्हनून म्या गुपचूप नीट केली."

सर परत येऊन गरजले, "छापायची चूक झालीये! हळदीकुंकवाला कुणालाही बोलावलेलं नाही. चुकून आलेल्यांनी खुशाल जावं."

त्रिवेणीबाईंनी बोट तबकाच्या काठाला पुसलं. सगळ्यांच्या आधी छबूबाई उठली.

"तुम्ही बसा ना," सर ओशाळून म्हणाले.

"न्हाई सर. चुकूनच आले व्हते म्या," म्हणून ती खाली मान घालून निघून गेली.

त्या रात्री गंगम्माकडून मागच्या रांगेतला प्रकार कळल्यावर सरांना जेवण गेलं नाही. आपण सारे एकाच कुळातले, हे इतक्या वर्षांच्या व्याख्यानांत एका बाईनं खरं मानलं आणि आपणच तिला हाकललं, हे त्यांना फार लागलं. सकाळी ते गंगम्माला म्हणाले, "तबक घे. छबूबाईकडं जाऊ."

गंगम्मा त्यांच्याकडं बघतच राहिली. पण तिनं तबक घेतलं.

छबूबाई अंगण झाडत होती. सरांचं सगळं बोलणं तिनं झाडू खाली ठेवून ऐकून घेतलं, आणि गंगम्माचा कुंकवाचा हात अलगद बाजूला केला.

"काल मला वाटलं, मला बोलवलंय. आज तुमाला वाईट वाटलं म्हनून तुमी आलात. ते एक न्हाई, सर."

सरांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. गंगम्मानं त्यांच्या दंडाला धरलं, आणि जन्मात पहिल्यांदा ते काहीही समजावून न सांगता परत फिरले.