वानखेडे काकांच्या भिंती

अमेरिकेत पार्सिपनीतले आमचे शेजारी वानखेडे काका चर्चमध्ये शिरले की आधी भिंतीच्या सांध्यात नख घालून बघत. येशू, रंगीत काचा वगैरे नंतर. कधीकधी तेही राहून जाई. काका नागपूरचे, पक्के बौद्ध, एका टेलिफोन कंपनीत इंजिनिअर. काकू गेल्यापासून दर जूनमध्ये सुट्टी टाकून एकटेच उत्तर इंग्लंडला जायचे आणि तिथली जुनी चर्चं, चॅपल्स पालथी घालायचे.

परत आले की आम्हाला जेवायला बोलवत. जेवण होईपर्यंत ठीक असे. मग स्लाइड प्रोजेक्टर निघे आणि दोन तास नुसत्या भिंती.

"हा चुना पाहा. नवा आहे, पण जुन्यात कसा मिसळला, पाहा."

एकदा माझ्या बायकोने विचारलं, "काका, या चर्चला शिखर वगैरे काही आहे की नाही?"

"असेल," म्हणून त्यांनी पुढची भिंत लावली.

नव्वदच्या दशकातल्या एका जूनमध्ये मी ऑफिसच्या कामाने लीड्सला होतो. काकांचा हॉटेलवर फोन आला, "शनिवारी मोकळा आहेस ना? मग चल माझ्यासंगं." दुपारपर्यंत आमची चार चर्चं झाली. प्रत्येक ठिकाणी नख, मग व्हिजिटर्स बुकमध्ये पूर्ण नाव आणि पार्सिपनीचा फोन नंबर. एका पाद्रीबाबांनी आनंदून प्रार्थनेचं पत्रक हातात ठेवलं. काकांनी ते घडी करून खिशात घातलं आणि विचारलं, "तुमची उत्तरेची भिंत कोणी दुरुस्त केली?"

गाडीत मी न राहवून म्हटलं, "काका, हे काहून?" 'का'साठी त्यांचाच नागपुरी शब्द.

त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"माझा पोरगा राहुल हेच काम करतो. इकडेच कुठंतरी जुन्या चर्चांचे दगड दुरुस्त करतो. कॉलेज सोडून शिकला. माझा बाप रस्त्यावर खडी फोडता फोडता मेला, बाबू. मी राहुलला म्हटलं, तुलाही दगडच फोडायचे असतील तर माझं नाव लावू नको." गिअर बदलून ते म्हणाले, "त्यानं लावायचं सोडलं. आता कोणत्या नावानं शोधू?"

शेवटचं चॅपल माळावरच्या एका खेड्यात होतं. देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी काकांची नोंद वाचली आणि हसून म्हणाल्या, "म्हणजे ते तुम्ही! आमच्याकडे एक सावळा, उंच मुलगा भिंतीचं काम करत होता. तुमचं मागल्या वर्षीचं पान तो किती वेळ वाचत बसला. हे कधी येतात, म्हणून त्यानं विचारलं."

काकांनी बाकाची कड धरली. "मग?"

"मी सांगितलं, जूनमध्ये. तर मे संपायच्या आतच काम उरकून गेला बिचारा. फार सुरेख काम हो त्याचं."

त्यांनी भिंत दाखवली. काकांनी या भिंतीला नख लावलं नाही. तिच्यासमोर उभे राहिले, इतका वेळ की बाई किल्ल्या वाजवू लागल्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये या. कुणाला न सांगता."

"नाही. जूनच," ते म्हणाले. "त्याला माहीत असलेलं बरं. नाहीतर वर्षभर दाराकडे बघत काम करील. दगडाच्या कामात नजर हलली की बोट जातं."