डाव्या पायाची जादा चप्पल

यशवंतकाकांच्या पिशवीत कायम एक चप्पल असते. जोड नव्हे, एकच. डाव्या पायाची.

"आणि उजवीचं काय?" मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा माझी अक्कल गुडघ्यात आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असावं. "माजी कायम डावीच तुटते. उजवी कशाला वागवू?"

काका आमच्या कर्जतजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपला होते. लेथच्या यंत्रापासून वेल्डिंगपर्यंत सगळं त्यांच्या हाताखाली. राहायला जवळच्याच कोंडाणे गावात, काकी गेल्यापासून एकटेच. जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघून त्यांना एकच प्रश्न पडायचा. "मोडलं तर?" कॅन्टीनच्या सुनंदामावशींनी हौसेनं नवा मिक्सर आणला, हळदकुंकू वाहिलं, आणि हे महाशय दारातून म्हणतात, "मोडलं तर?" तिसऱ्या दिवशी मिक्सर बंद पडला. काकांनीच उघडून चालू करून दिला, पण मावशींचं म्हणणं ठाम होतं, "त्याच्या तोंडानंच मोडला मेला!"

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या टीमनं विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेत भाग घेतला. एका माणसाची छोटी गाडी स्वतः बनवायची, लांब परराज्यातल्या मैदानावर न्यायची, तपासणीत पास करायची आणि मग पळवायची. आधीची दोन वर्षं आमची गाडी तपासणीतच नापास झाली होती. यंदाही मैदानात उतरली नाही तर टीम बंद, असं प्राचार्यांनी सांगून टाकलेलं. आणि कॅप्टन कोण, तर मी!

आमच्या सरांनी फळ्यावर स्पर्धेचे फायदे लिहिले. आत्मविश्वास, संघभावना, नोकरीच्या मुलाखतीत सांगायला चार गोष्टी. काका दारात उभे राहून वाचत होते.

"फायदा येकच हाय," ते म्हणाले. "तिथं मी नसतो."

आम्ही हसलो, सरही हसले. काका काही हसले नाहीत.

पुढचे तीन महिने ते आमच्या मानगुटीवर बसले. घट्ट बसवलेला भाग खोलायला लावायचे. खोलला की डोळे मिटून परत बसवायला लावायचे. आणि प्रत्येक भागाचा एक जादा भाग करून ठेवायचा. चाकं वळवणारी एक सळई असते, टाय रॉड म्हणतात तिला, तिचासुद्धा. निघायच्या दिवशी टेंपोत सामान मावेना. मी वैतागले आणि ती जादा सळई वर्कशॉपच्या टेबलावर ठेवून दिली. एवढी जाड सळई कशाला मोडतेय!

मोडली. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी सराव करताना चाक खड्ड्यात गेलं आणि सळईचे दोन तुकडे झाले.

"काकांना फोन लाव गं," टीममधला रोहन रडकुंडीला येऊन म्हणाला. मी लावला नाही. जादा सळई विसरले नव्हते, मुद्दाम ठेवून आले होते, हे त्यांना सांगायची माझी छातीच नव्हती. सामान वाहायच्या आमच्या हातगाडीचा पोकळ दांडा कापला, त्याचा तुकडा मोडलेल्या सळईवर चढवला, शेजारच्या टीमकडून वेल्डिंग मशीन मागून आणलं. पहिला जोड उखडला. दुसराही उखडला. तिसरा बसला. दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी त्यावर हातोडी मारून बघितली, चाकं चार वेळा इकडून तिकडे वळवली आणि होकारार्थी मान डोलावली. गाडी अख्खी शर्यत पळाली. आमचा नंबर शेवटून मोजलात तर लवकर सापडेल, पण टीम वाचली.

परत आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात सळई काकांपुढे धरली. त्यांनी जोड बोटानं चाचपला.

"शेणासारखं थापलंयस," एवढं म्हणाले, आणि पाठ फिरवून ग्राइंडर चालू केला. शाबास नाही, काही नाही! मला असा संताप आला म्हणून सांगू!

तो सगळा मी कॅन्टीनमध्ये ओकला. मावशींनी चहा पुढं ठेवला.

"गप गं! तुमी गेल्यापासनं चार दिस त्यो हितंच बसून व्हता. ती तुजी सळई पेपरात गुंडाळून पिशवीत, वर कपड्यांचा जोड. पोरांनी बोलावलं की निघायचं, म्हनं. आनि दर तासाला माज्यापाशी, 'सुनंदा, माज्या फोनवर मिस कॉल दे गं, वाजतोय का बगू.'"

मला लाज वाटली आणि भडभडूनही आलं. चहा तसाच निवून गेला.

पुढच्या वर्षी मी एकीऐवजी दोन जादा सळया घेऊन गेले. अर्थातच काही मोडलं नाही. तपासणी आटोपली तशी मैदानाच्या कडेला सावलीत उभी राहिले आणि काकांना फोन लावला. अर्ध्या रिंगमध्ये उचलला.

"काय मोडलं?"

"काय नाय मोडलं, काका."

"मग फोन कशाला केलास?"

"वाजतोय का बघितलं."

पलीकडे लेथ चालू होता, तो बंद झाला.

"वाजतोय," काका म्हणाले. आणि मग, "उद्या पन बग गं येकदा."