साठ लांबीचं बाकडं

टेलरकाकांचं माप आयुष्यात कधी चुकलं नव्हतं. शिवून झाल्यावर माणसंच जाड व्हायची, त्याला काका काय करणार? त्यामुळे 'गल्ली सुधार निधी'च्या अर्जात 'बाकाची लांबी' हा रकाना आला तेव्हा त्यांनी दोन म्हाताऱ्या शेजारी-शेजारी ऐसपैस बसतील एवढी फीत पसरली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, साठ. पुढे इंच लिहिलं नाही. कुठला टेलर लिहितो? छाती अडतीस म्हणजे अडतीस!

त्यातली एक म्हातारी म्हणजे काकांची आई. ती गल्लीच्या खालच्या टोकाला राहायची. दुसरी वरच्या टोकाची, निवृत्त नर्स, जिला सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. चाळीस वर्षांची मैत्री, पण मधल्या चढानं दोघींचे गुडघे एकदमच संपावर पाठवले होते. दोन वर्षं भेट नाही. फोनवर बोलायच्या, तेही इतक्या मोठ्यानं की फोनची गरजच नव्हती. खुर्चीत बसवून नेतो म्हटलं की आई भडकायची.

"मी काय कपाट आहे का, चौघांनी उचलायला? मधे एकदा टेकायला मिळू दे, माझी मी जाते."

मंजुरीचं पत्र आलं. काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि धावतच कचेरी गाठली.

"साहेब, साठ मीटरचं बाकडं? अहो, आमची गल्लीच तेवढी आहे!"

"मग बरोबर बसेल की," कारकून म्हणाला.

"मला इंच म्हणायचं होतं!"

"रकान्यावर मीटर छापलंय. बदलायचं तर हा अर्ज रद्द. नवा पुढच्या वर्षी."

आईच्या गुडघ्यांना पुढचं वर्ष झेपेल याची कोण हमी देणार? काका म्हणाले, "राहू द्या. साठच."

आठवड्याभरात लाकडाचे दोन ट्रक आले. काका दुकानाचं दार अर्धं लोटून आत बसले. आता गल्ली आपल्याला फाडून खाणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. गल्ली आली, पण हात जोडून.

"काका, वर एवढी ओळख आहे, कधी बोलला नाहीत!" प्लंबर म्हणाला. "आम्ही तीन वर्षं एक दिवा मागतोय."

"आता एक पूल मागा," इस्त्रीवाला म्हणाला.

"इथे नदी कुठाय?"

"तीही मागा. तुम्हाला कोण नाही म्हणतंय?"

आणि खरं सांगू? बाकडं झालं तेव्हा काकांनीही आ वासला. बाप रे, काय बाकडं होतं! भिंतीला धरून निघालेलं, दारापुरतं थांबून पुन्हा सुरू होणारं, वळणावर अलगद वळून थेट वर सिस्टरच्या पायरीपर्यंत गेलेलं. लाकूड असं गुळगुळीत, की प्लंबरनं बसण्याआधी पँट झटकली. माणसं हळू आवाजात बोलायला लागली. एवढं सगळं आपल्यासाठी, हे कुणाला खरंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आई निघाली. काकांना बरोबर येऊ दिलं नाही. चार पावलं चालली, बसली. इस्त्रीवाल्याच्या बायकोनं विचारपूस केली. पुन्हा चार पावलं, पुन्हा बसली. तिथे प्लंबरच्या सासूनं आपलं ऑपरेशन सांगायला घेतलं. बारा वाजले तरी आईचा पत्ता नाही. शिवणयंत्र तसंच सोडून काका चढ चढू लागले.

वळणावर ते थबकले. वरून सिस्टरही निघाली होती, आपली आपण, कुणालाही न सांगता. मधोमध पोचून दम खात बसली होती. खालून आई आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन वर्षांत दोघी केवढ्या वाळल्या होत्या! आता आई रडणार, असं काकांना वाटलं.

अलीकडे तीस मीटर बाकडं रिकामं होतं, पलीकडेही तीस मीटर. आई सिस्टरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"सरक जरा. सगळी जागा अडवून बसलीयस."

सिस्टर सरकली.