शेवटच्या बाकावरचे वाघमारे सर

आमच्या कॉलेजात कुठल्याही वर्गात शेवटच्या बाकावर पांढऱ्या केसांचा विद्यार्थी दिसला, तर ते वाघमारे सर समजावेत. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. आपला तास नसला की दुसऱ्याच्या तासाला जाऊन बसतात, चांगलं शिकवावं कसं ते शिकायला. माझ्या गणिताच्या तासालाही आले होते. नंतर कॅन्टीनमध्ये म्हणाले, "छान शिकवता. पण फळ्याला. पोरांना कधी शिकवणार?" मी बरेच दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

सर मूळचे हिंगोलीकडचे. राहतात इथे देशाच्या राजधानीत, लक्ष्मीबाई नगरात, बायकोच्या सरकारी क्वार्टरमध्ये. एकदा वाफेचा दाब शिकवायला घरचा कुकर घेऊन निघाले आणि मेट्रोच्या तपासणीत अडकले. जवानानं विचारलं, "इसमें क्या है?" सरांना एवढं पुरे. शिट्टी का होते, हे त्यांनी तिथेच समजावायला घेतलं. मागची रांग ओरडू लागली. "सरजी, सब समझ गया, आगे बढ़िए," जवानानं हात जोडले. सर मात्र खट्टू. "समजलं म्हणतो, अन् एक डाउट नाही विचारला!"

अशा माणसाला बढती कोण देणार? शोधनिबंधांच्या नावानं शून्य. "मी शिकवायला आलोय, छापून यायला नाही," हे त्यांनी मुलाखतीतच सुनावलेलं. यंदा विभागप्रमुखांनी निर्वाणीचं सांगितलं, स्लाइड्स दाखवा आणि सिलॅबस संपवा. "सिलॅबस संपतो हो, पोरं मागे राहतात त्यांचं काय?" सरांनी विचारलं. प्रमुखांनी त्यांचा वर्ग काढून तरुण मेहताला दिला.

मला वाटलं, सर खचणार. कसलं काय! मेहताच्या पहिल्याच तासाला स्वारी शेवटच्या बाकावर हजर. मेहता "एनी डाउट्स?" म्हणाला की सरांचा हात वर. प्रश्न तरी कसले? अगदी बाळबोध. मेहता रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. "यार, इन्हें तो सब आता है! मेरी इन्सल्ट करते हैं."

मी सरांना गाठून चांगलंच सुनावलं.

"इन्सल्ट? बिल्कुल नाही. पोरगा चांगला आहे," सर म्हणाले. "पण तिथं खेड्यातून आलेली एक मुलगी बसते. तिला इंग्रजी झेपत नाही, हात वर करायची लाज वाटते. तिच्या मनातलं मी विचारतो." मग खाली बघत म्हणाले, "माझंही तेच होतं. पोरं हसतील म्हणून अख्ख्या कॉलेजात कधी हात वर केला नाही. माझ्यासाठी कुणी विचारलं असतं तर..."

मी विचारलं, "पण प्रमुखांनी वर्गात यायला बंदी केली तर?"

"खिडकीतून विचारीन!"

बंदी आलीच. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातून जात होतो, तर सर खरंच मेहताच्या वर्गाच्या खिडकीशी उभे. आतून "एनी डाउट्स?" ऐकू आलं. सरांनी हात उचलला. तेवढ्यात आत त्या मुलीचा हात वर गेला, आणि ती अडखळत, अर्ध्या हिंदीत विचारू लागली. कुणी हसलं नाही.

सरांचा हात हळूच खाली आला. डोळे भरले होते. मला बघताच खेकसले, "बघता काय? तास नाही का तुमचा?"